रिकामा रकाना ठेवू नये

३० मार्च, सोमवार. ऊन कडक. वारा अजिबात नाही; पारावरच्या पिंपळाचं एक पान हलत नव्हतं.

एका गावात एक भोळा पदवीधर होता. गावाचं नाव बोरखेडी, पदवीधराचं नाव सोपान गाडेकर. बी. ए. झाला होता, दुसऱ्या वर्गात. परीक्षेच्या हॉलमध्ये सर म्हणाले होते, "कुणाच्याही पेपरात बघायचं नाही." म्हणून त्यानं तिन्ही वर्षं समोरच्या भिंतीकडे बघत पेपर लिहिले. ओळी तिरक्या गेल्या, पण पास झाला.

सोपानला सांगितलेलं कळत नसे असं नाही. कळे. जरा जास्तच कळे. एकदा त्याची आई मामाकडे निघाली आणि जाताना म्हणाली, "मी येईस्तोवर दारातून हलू नको रे." तिची परतीची एसटी चुकली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. सोपान दारातच होता. शेळ्या त्याच्यावरून उड्या मारून आत-बाहेर करत होत्या.

गावच्या एसटी थांब्याजवळ वैजयंताचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. वैजयंता हुशार. फॉर्म भरणं, फोटो काढणं, लॅमिनेशन, सगळं एकटी बघायची. आणि या वैजयंताला सोपान आवडायचा. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, त्या येड्यात काय बघितलंस?" ती म्हणायची, "सांगितलेलं ऐकणारा पुरुष आहे. अख्ख्या तालुक्यात दुसरा दाखवा, त्याचा विचार करते."

वैजयंताचे वडील रंगनाथअण्णा पवळे. ते पारावर बसत. सकाळी आठ ते बारा, दुपारी तीन ते सात. अठ्ठावीस वर्षांत एक खाडा नाही. इतकी चोख हजेरी गावात ना शाळामास्तरची होती, ना ग्रामसेवकाची. काम मात्र अण्णांनी कधी केलं नाही, कारण त्यांच्या लायकीचं काम निघालंच नाही. घर वैजयंताच्या दुकानावर चालायचं. अण्णा पारावर बसून गावच्या पोरांना नोकरीचं महत्त्व सांगायचे.

तर त्या सोमवारी सोपान पारावर गेला. म्हणाला, "अण्णा, तुमची वैजयंता मला द्या."

पारावर अण्णांसोबत पाच जण होते. पाचांनीही अण्णांकडे बघितलं.

अण्णा म्हणाले, "नोकरी आहे का?"

"नाही."

"मग दिवसभर करतोस काय?"

"काही नाही. तुमच्यासारखंच."

पाचांपैकी दोघांना खोकला आला. अण्णा म्हणाले, "माणसानं रिकामं बसू नये, हे मी इथं बसून अठ्ठावीस वर्षं सांगतोय. ऐक. निमगावचं स्थळ आलंय तिला. मुलगा तहसील कचेरीत कायम आहे. पण पोरीचं मन तुझ्यावर आहे म्हणून अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबतो. तोवर नेमणुकीचं पत्र आण. नाही आणलंस, तर त्याच दिवशी निमगावला होकार कळवतो."

"म्हणजे किती दिवस?"

"वीस."

"बरं," सोपान म्हणाला.

तिथून तो सरळ दुकानात गेला. वैजयंता म्हणाली, "आधी बायोडाटा पाहिजे. त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. असं कर, तू आजवर जे जे केलंस ते सगळं लिहून आण. मी नीट टाइप करून देते. लाजू नको. काही राहू देऊ नको."

"बरं." सोपाननं एक नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : काही राहू द्यायचं नाही.

तो घरी जाऊन लिहायला बसला. चार दिवस लिहीत होता.

३ एप्रिल, शुक्रवार. ऊन. सकाळपासून लाइट नाही.

लाइट नाही म्हणून टायपिंग नाही. दूध डेअरीत मोजणी कारकुनाची जागा होती आणि आज शेवटचा दिवस होता. सोपान वही घेऊन थेट डेअरीत गेला. एकशे चाळीस पानं झाली होती.

डेअरीचे साहेब भले माणूस होते. त्यांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"वय दहा महिने, रांगलो. वय एक वर्ष, उभा राहिलो. पडलो. पुन्हा उभा राहिलो. वय सहा, जांभळं खाल्ली. पोट दुखलं. वय सात, जांभळं खाल्ली. पोट दुखलं नाही." साहेबांनी वर बघितलं. "हे काय आहे?"

"प्रगती," सोपान म्हणाला.

साहेबांनी पानं उलटली. चौथीत चिमणीचं घरटं पडलं होतं, ते सोपाननं पाडलं नव्हतं, पण छड्या त्याला बसल्या होत्या. हे सगळं अकरा पानांत होतं, साक्षीदारांच्या नावांसह. साहेबांनी चहा मागवला. दुधाचा टँकर आला, भरला, निघून गेला. साहेब सातवीपर्यंत आले.

"अरे बाबा, यात नोकरीपर्यंत कधी येतोस?"

"नोकरीपर्यंत अजून आलोच नाही, साहेब. म्हणून तर अर्ज केलाय."

साहेबांनी वही मिटली. "हे बघ पोरा. इतकं कुणी वाचत नाही. जे कामाचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं काटायचं. कितीही असू दे, एका पानात बसलं पाहिजे."

"बरं." सोपाननं लिहून घेतलं : कामाचं ठेवायचं. बाकीचं काटायचं. कितीही असू दे, एक पान.

वैजयंतानं कपाळाला हात लावला. मग तिनंच त्या एकशे चाळीस पानांतून सहा ओळी वेचल्या आणि एका पानाचा बायोडाटा करून दिला. नाव, पत्ता, शिक्षण, अक्षर सुंदर, व्यसन नाही, सांगितलेलं काम चोख करतो. खाली सही. "हा घे. आणि आता पतसंस्थेत जा. त्यांना लिहिणारा माणूस पाहिजे."

७ एप्रिल, मंगळवार. सकाळी ढग, दहानंतर ऊन.

पतसंस्थेच्या शाखेत एक बाई प्रमुख होत्या. चष्मा साखळीचा, बोलणं मोजकं. त्यांनी बायोडाटा वाचला आणि खूश झाल्या. "छान. आटोपशीर आहे. हा घ्या आमचा फॉर्म, बाहेर बसून भरा. आणि अक्षर बघायचंय, म्हणून ही सभासदांची यादी स्वच्छ उतरवून द्या."

फॉर्म चार पानांचा होता. यादी सहा पानांची होती. सोपान बाहेर बाकावर बसला. त्यानं आधी वही उघडून धडा वाचला. मग कामाला लागला. कामाचं काय आहे आणि काय नाही, हे त्याला कळेना, तेव्हा त्यानं शेजारी बसलेल्या शिपायाला विचारलं. शिपाई सव्वीस वर्षांचा जुना होता. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत होतं. त्यानं मनापासून मदत केली.

तासाभरानं सोपान आत गेला. अक्षर खरोखर सुंदर होतं. मोत्याच्या दाण्यासारखं.

बाई म्हणाल्या, "एकच पान? सभासद दोनशे एकोणचाळीस आहेत. हे तर चाळीसच दिसतात."

"कामाचे तेवढे ठेवले. बाकीचे काटले."

बाईंनी वरून खाली बोट फिरवलं. मग खालून वर फिरवलं. "अहो, यात आपल्या अध्यक्षांचं नाव नाही!"

"ते काही काम करत नाहीत, असं कळलं."

दाराबाहेर शिपायानं हळूच चप्पल घातली आणि तो पोस्टात गेला.

बाई पाणी प्यायल्या. "आणि संचालक मंडळ?"

"तेही."

"आणि तुमचा फॉर्म? त्याचंही एकच पान? बाकीची तीन पानं कुठायत?"

"टोपलीत. घडी करून ठेवलीत."

आता बाईंचा आवाज चढला. "अहो, त्या पानांवर रकाने होते! ते कोण भरणार? शिकलासवरलेला माणूस ना तुम्ही? फॉर्ममधला एकही रकाना रिकामा ठेवायचा नसतो. एक रकाना रिकामा राहिला तरी अर्ज बाद. हे लिहून ठेवा कुठंतरी!"

"बरं." सोपाननं तिथंच लिहून ठेवलं : एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही.

घरी येताना त्यानं दिवस मोजले. बारा उरले होते.

११ एप्रिल, शनिवार. उन्हाचा चटका. दुपारी वावटळ.

तालुक्याच्या साखर कारखान्यात हजेरी कारकून घ्यायचे होते. फॉर्म सहा पानांचा होता आणि आदल्या दिवशीच घरी न्यायला मिळाला होता. सोपाननं पहिलं पान सरसर भरलं. नाव, गाव, शिक्षण. दुसऱ्या पानावर रकाना आला : माजी सैनिक असल्यास हुद्दा.

सोपान थांबला. तो सैन्यात नव्हता. पण रकाना रिकामा ठेवायचा नव्हता. त्यानं लिहिलं : सुभेदार.

पुढचा रकाना : अपंगत्व असल्यास प्रकार. त्यानं दोन्ही पाय नीट बघितले. उजवा सायकलला लागतो, म्हणून डावा लिहिला.

पुढचा : यापूर्वी नोकरीतून काढले असल्यास कारण. त्यानं लिहिलं : अद्याप कळवलेलं नाही.

पुढचा : गुन्हा दाखल असल्यास तपशील. इथं त्याची मती गुंग झाली. तो उठला आणि पोलीस चौकीत गेला. हवालदार टेबलावर पाय टाकून बसले होते.

"साहेब, एक गुन्हा पाहिजे होता."

"कुणी केला?"

"अजून कुणी नाही. माझ्यासाठीच पाहिजे. जरा हलका बघा. नोकरीला लावायचाय."

हवालदारांनी पाय खाली घेतले. तेवीस वर्षांच्या नोकरीत गुन्हा मागायला आलेला हा पहिलाच माणूस होता. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, "बिनदिव्याची सायकल चालवली, असं लिही. शोभेल तुला." सोपाननं आभार मानले. पण खोटं लिहायला नको म्हणून तिथून घरी येताना सायकलचा दिवा काढून खिशात ठेवला.

शेवटच्या पानावर तीन रकाने होते. पत्नीचे नाव. अपत्ये. तातडीच्या वेळी कोणास कळवावे.

सोपान लाजला. मग त्यानं लिहिलं : सौ. वैजयंता. पुढं लिहिलं : दोन, एक मुलगा, एक मुलगी. आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं : सासरे, श्री. रंगनाथ पवळे, आणि अण्णांचा मोबाइल नंबर.

फॉर्म शनिवारी सकाळी कारखान्यात पोचला. कारखान्याच्या साहेबांनी तो वाचला आणि त्यांना ही वेळ तातडीची वाटली. त्यांनी फोन लावला.

अण्णा पारावर होते. अण्णांना ऐकायला कमी येई, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत. पाचही जण ऐकत होते.

"पवळे का? तुमच्या जावयाबद्दल बोलायचं होतं."

"कोण जावई?"

"सुभेदार गाडेकर. डाव्या पायानं अधू आहेत ना ते?"

"काय?"

"त्यांच्यावर एक गुन्हा आहे म्हणून चौकशी करतोय. माणूस कसा आहे? दोन लेकरांचा बाप आहे, म्हणून वाईट वाटतं हो. तुमच्या वैजयंताताईंचं पण कठीण झालं असेल."

पारावर इतकी शांतता पसरली की पिंपळावरची खार खाली उतरून बघून गेली.

अण्णा उठले. पारावरून वेळेआधी उठण्याची ही त्यांची अठ्ठावीस वर्षांतली पहिली खेप. ते दुकानात गेले. पाचही जण मागोमाग गेले. सोपान तिथंच कोऱ्या कागदांचा गठ्ठा लावून देत होता.

"लेका, माझ्या पोरीला लग्नाआधी दोन पोरं करून ठेवलीस?"

"रकान्यात, अण्णा," सोपान म्हणाला.

"रकान्यात?"

"रिकामा ठेवायचा नव्हता."

अण्णांच्या मिशा थरथरल्या. "आता माझी अट ऐक. नुसतं 'नोकरी लागली' असं सांगून चालायचं नाही. दुरून कागद दाखवूनही चालायचं नाही. तुझ्या कागदांवर माझा विश्वास राहिला नाही. नेमणुकीचं पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे. या हातात! सही-शिक्क्याचं! पडलं, तर पोरगी तुझी. हे पाच जण साक्षीला. नाही पडलं, तर तिजेच्या दिवशी बारा वाजता निमगावला फोन करतो."

"तुमच्या हातात?"

"माझ्या!"

"बरं." सोपाननं लिहून घेतलं : पत्र अण्णांच्या हातात पडायला पाहिजे.

सगळे गेल्यावर वैजयंतानं कोरे कागद मशीनमध्ये भरले. मग म्हणाली, "मुलीचं नाव काय ठेवलंस?"

"नावाचा रकाना नव्हता."

तिला हसू आलं. मग तिचे डोळे भरून आले. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्याच्या हातावर ठेवली. "आठ दिवस उरलेत, सोपान. ही शेवटची. आता मनाचं एक अक्षर लिहायचं नाही. त्यांनी जाहिरातीत काय मागितलंय ते बघायचं. त्यांचेच शब्द आपल्या पत्रात यायला पाहिजेत. म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं, हाच माणूस आपल्याला हवा होता."

"त्यांचेच शब्द?"

"त्यांचेच. मीच लिहून दिलं असतं रे, पण ही रांग बघ. शेतकऱ्यांचे फॉर्म आलेत, सहा दिवस मला मान वर करायला होणार नाही."

"बरं." सोपाननं लिहून घेतलं : मनाचं अक्षर नाही. त्यांचेच शब्द.

जाहिरात वाघचौरे शेठ यांच्या खत-बियाण्याच्या गोदामाची होती. सोपाननं सोमवारी, १३ एप्रिलला, सुंदर अक्षरात पत्र लिहिलं. पत्र असं होतं :

"पाहिजे. गोदामासाठी कारकून पाहिजे. प्रामाणिक, निर्व्यसनी व सांगितलेलं ऐकणारा असावा. पगार बारा हजार रुपये देण्यात येईल. दिवाळीला कापड. इच्छुकांनी मूळ कागदपत्रे व दोन फोटो घेऊन समक्ष भेटावे. वेळ सकाळी दहा ते एक. दलालांनी येऊ नये."

मनाचं एक अक्षर नव्हतं. फक्त शेवटी पत्ता स्वतःचा घातला, कारण पत्राला पाठवणाऱ्याचा पत्ता लागतोच. सोपान गाडेकर, मारुतीच्या देवळामागे, बोरखेडी.

त्यानं पाकिटावर गोदामाचा पत्ता घालून पत्र पेटीत टाकलं आणि तो वाट बघत बसला. मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी पोस्टमन घरावरून सायकल न थांबवता गेला. शुक्रवारी आईनं देवापुढं खडीसाखर ठेवली. शनिवारी अण्णांनी निमगावचा नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला आणि चिठ्ठी खिशात घातली.

१९ एप्रिल, रविवार, अक्षय्यतृतीया. ऊन. वारा पश्चिमेचा, मध्यम.

सोपानच्या आईनं मातीचा करा पाण्यानं भरून पुजला होता. आमरस झाला होता. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी घरासमोर जीप थांबली. तीतून साठीचे एक गृहस्थ उतरले. धोतर, कोट, काखेत फाइल.

"सोपान गाडेकर आपणच का?"

"हो. या, बसा."

"मी वाघचौरे. आपलं पत्र मिळालं. समक्ष भेटावं, असं होतं. म्हणून आलो."

सोपानला यात वेगळं काही वाटलं नाही. पत्रात तसंच होतं. "कागदपत्रं आणलीत?"

"आणलीत." शेठनी गंभीरपणे फाइल पुढं केली.

"दोन फोटो?"

"एकच सापडला. तो पण लग्नातला आहे."

"बरं. दलाल नाही ना तुम्ही?"

"छे, छे."

"निर्व्यसनी आहात?"

शेठ जरा घुटमळले. "तंबाखू आहे थोडी. जेवणानंतर."

सोपाननं फाइल मिटून परत दिली. "मग अवघड आहे, काका. निर्व्यसनी असावा, असं स्पष्ट लिहिलंय. राग मानू नका. आमरस खाऊन जा."

वाघचौरे शेठ हसायला लागले. हसता हसता त्यांचा कोट सुटला. सोपानची आई पाणी घेऊन धावत आली. पाणी पिऊन ते पुन्हा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "आई, तुमचा मुलगा मला पाहिजे. माझ्या गोदामात सात माणसं आहेत. सातही हुशार. पन्नास पोती भरा म्हटलं की सत्तेचाळीस भरतात, आणि उरलेली तीन कुठं गेली ते इतक्या हुशारीनं सांगतात की मलाच माझी लाज वाटते. पंचवीस वर्षं हुशारांना पोसलं. आता एक सांगितलेलं ऐकणारा बघू द्या."

त्यांनी फाइलमधून एक छापील कागद काढला. वर गोदामाचं नाव, खाली मजकूर, त्याखाली शेठची सही आणि जांभळा शिक्का. "हे नेमणुकीचं पत्र. सही-शिक्का घरूनच करून आणलाय, आजचा मुहूर्त चुकायला नको म्हणून. चष्मा विसरलोय, तेव्हा नाव, वय, गाव तू भर. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. उद्या सकाळी नऊला हजर."

सोपाननं पत्र दोन्ही हातांनी घेतलं.

"आणि एक सांगतो," शेठ आमरसाची वाटी तोंडाला लावत म्हणाले. "तुझ्या पत्रात एकच चूक होती. वर माझं नावच नव्हतं. पत्र ज्याच्या हातात पडणार, त्याचं नाव वर पाहिजे. त्याशिवाय पत्र म्हणजे बेवारशी कागद. लक्षात राहील?"

"ज्याच्या हातात पडणार, त्याचं नाव वर."

"शाब्बास," शेठ म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले.

अकरा वाजले होते. आई देवापुढं हात जोडून रडत होती. सोपाननं दौतीतली शाई ढवळली, बोरू पुसला आणि पत्र समोर घेतलं. वर रेघ होती : श्री. ......... यांस. नाव कुठलं घालायचं, याचा त्याला क्षणभर प्रश्न पडला. मग त्यानं वही उघडली. सगळे धडे पहिल्यापासून वाचले. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. पत्र अण्णांच्या हातात पडायला पाहिजे. ज्याच्या हातात पडणार, त्याचं नाव वर.

प्रश्न राहिला नाही. त्यानं जन्मातलं सर्वांत सुंदर अक्षर काढलं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना सोपान पारावर पोचला. अण्णांच्या एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हातात चिठ्ठी. सोपाननं चिठ्ठी हळूच काढून घेतली आणि तिच्या जागी पत्र ठेवलं.

"हातात पडलं का, अण्णा?"

अण्णांनी कागद चाचपला. शिक्का बघितला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "पडलं. शिक्का तर खरा दिसतोय. कुणीतरी मोठ्यानं वाचा रे. गावाला कळू दे."

पाचांपैकी एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते उभे राहून खणखणीत आवाजात वाचायला लागले. "श्री. रंगनाथ विठोबा पवळे यांस. वय छपन्न, राहणार बोरखेडी. आपली आमच्या गोदामात कारकून म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. दिनांक वीस एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजता कामावर हजर व्हावे."

पोस्टमास्तर थांबले. मग त्यांनी अण्णांना मिठी मारली. "रंगनाथा! अरे, या वयात! आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस!"

"अरे, थांबा, हे—"

"लाजता काय, अण्णा!" दुसरा म्हणाला. "माणसानं रिकामं बसू नये, म्हणायचात. करून दाखवलंत!"

तिसऱ्यानं देवळातून मारुतीच्या गळ्यातला हार आणला. चौथ्यानं गुलाल. देवळातल्या बायकांनी ओवाळलं. शाळामास्तरांनी दोन शब्द बोलून घेतले. अण्णा "अहो ऐका, अहो ऐका" म्हणत होते आणि लोक म्हणत होते, "भाषण उद्या करा, आज पेढे काढा."

अण्णा गुलालानं माखलेले, हार गळ्यात, तसेच पत्र घेऊन दुकानाकडे पळाले. मागून सोपान.

"वैजे! हे बघ या गाढवानं काय केलं! पांढरी शाई आण. माझं नाव खोड आणि याचं घाल. लवकर!"

वैजयंतानं पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं सोपानला विचारलं, "तुझं नाव का नाही घातलंस?"

सोपाननं वही उघडून दाखवली. तिनं धडे क्रमानं वाचले. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मग तिनं मशीनचं बटण दाबलं. पत्र दोन प्लॅस्टिकच्या मध्ये सारलं आणि आत सरकवलं. पत्र पलीकडून कडक आणि चकचकीत होऊन बाहेर आलं.

"अगं, हे काय केलंस?"

"लॅमिनेट केलं. महत्त्वाचा कागद आहे, अण्णा. घामानं भिजायला नको." तिनं कडा कात्रीनं गोल कापल्या. "पत्र तुमच्या हातात पडलं ना?"

"पडलं, पण—"

"पाच जण साक्षीला होते ना?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. पाचही जण दारात उभे होते. पोस्टमास्तरांनी मान हलवली.

"उद्या डबा किती पोळ्यांचा करू?" वैजयंतानं विचारलं.

२० एप्रिल, सोमवार. आभाळ निरभ्र, वारा नाही. रंगनाथअण्णा सकाळी आठ चाळीसच्या एसटीनं गेले. वाघचौरे शेठनी पत्र बघितलं, माणूस बघितला, पुन्हा पत्र बघितलं आणि म्हणाले, "सही माझीच आहे." अण्णा नऊ वाजून पाच मिनिटांनी कामावर हजर झाले. हजेरीपत्रकात पाच मिनिटांचा उशीर लागला.

८ मे, शुक्रवार. दुपारपासून ढग, पाऊस नाही. सोपान आणि वैजयंताचं लग्न बोरखेडी येथे मारुतीच्या देवळासमोर बारा वाजून सतरा मिनिटांच्या मुहूर्तावर लागलं. पंगतीला दोनशे बारा पानं झाली. अण्णांनी दोन दिवस आधी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला होता. अर्जात कारणाचा रकाना रिकामा राहिला होता. रजा मंजूर झाली नाही.